बोटाला विचारा: ब्रेल, काठी आणि अचानक बोलायला लागलेला फोन

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की हा कॉलम मी बोटांनी वाचून तपासते, आणि त्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले या वेळी दुसरं काही घेऊच नका. तर नवीन वाचकांसाठी थोडक्यात: नवव्या वर्षी माझी नजर गेली, ब्रेल शिकले, मग बरीच वर्षं शिकवलं, आणि तुमची पत्रं मी ४० सेलच्या ब्रेल डिस्प्लेवर (कॉम्प्युटरवरचा मजकूर ठिपक्यांत उठवणाऱ्या यंत्रावर) वाचते, म्हणजे एका वेळी ४० खुणा बोटाखाली, बटण दाबलं की पुढच्या ४०. (कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती, टाइप करा हो, तुमचं अक्षर माझ्या फोनलाही लागत नाही.)

प्रश्न: माझी मुलगी ८ वर्षांची आहे. नजर हळूहळू कमी होत चाललीय आणि डॉक्टर म्हणतात पुढे आणखी कमी होईल. घरातले सगळे म्हणतात ब्रेल आता जुनं झालं, फोन सगळं वाचून दाखवतो, तिला उगाच ठिपक्यांच्या मागे लावू नकोस. माझं मन मानत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही. – एक आई

उत्तर: ताई, त्यांना एवढंच विचारा, की मग डोळस मुलांना तरी लिहा-वाचायला कशाला शिकवता, फोन त्यांच्यासाठीही वाचतोच की.

फोन वाचून दाखवतो तेव्हा वाचत असतो फोन, पोर ऐकत असते. ऐकणं वाईट नाही, मी स्वतः दिवसभर ऐकते, जाडजूड कादंबऱ्या तर ऐकतेच, पण शब्द लिहितात कसा हे ऐकून कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' मोठ्याने म्हणून बघा, कानाला दोन्ही एकच. आता बोटाचं बघा. ब्रेलचा एक सेल म्हणजे सहा ठिपक्यांची जागा, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. पहिल्या वेलांटीची खूण २ आणि ४, दुसऱ्या वेलांटीची ३ आणि ५. आकार हुबेहूब तोच, फक्त एक पायरी खाली सरकलेला, आणि शेजारच्या 'द' आणि 'न' या दोघांचेही ठिपके वरच्या ओळीपासून सुरू होतात त्यामुळे ती पायरी बोटाला लगेच कळते. शिवाय छापील मराठीत पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती बोलण्याच्या क्रमाने नंतर येते, मला तर हेच जास्त सरळ वाटतं. माझ्याकडे एक कॉलेजातला मुलगा आला होता, सगळी शाळा नुसती ऐकून केलेली, बोलायला एकदम फर्डा, वादात कोणाला हार जाणार नाही, पण पहिला अर्ज स्वतः टाइप केला तर त्यात शब्द कुठे तोडायचा हेच त्याला माहीत नव्हतं, 'असल्यामुळे' चे दोन तुकडे, 'त्या वेळी' सगळं एकत्र. हुशारीचा प्रश्नच नव्हता, त्याने शब्द कधी पाहिलेलेच नव्हते. (आता 'आशिर्वाद' तर डोळसही लिहितात, ते सोडा.)

आणि जुनं झालं म्हणतात ना, तर जुनं आहेच. लुई ब्रेल १८०९ चा, तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात चामडं भोसकायच्या आरीने डोळ्याला लागलं, पुढे दोन्ही डोळे गेले, आणि १८२४ मध्ये ही पद्धत त्याने जवळजवळ पूर्ण केली तेव्हा तो १५ वर्षांचा पोरगा होता. त्याच्या आधी शार्ल बार्बिये नावाच्या माणसाची ठिपक्यांची लिपी होती, पण तिच्या एका खुणेत १२ ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा, म्हणजे एक खूण कळायला बोट वर-खाली फिरवावं लागायचं. लुईने ती अर्धी केली, सहा ठिपके, जे बोटाच्या एका पेराखाली मावतात, मग बोट नुसतं आडवं सरकत राहिलं तरी वाचता येतं. बोट कसं हलतं हे त्याला स्वतःच्या बोटावरून माहीत होतं, म्हणून हे जमलं. सगळा खेळ त्या हलण्याचाच आहे, पुढच्या उत्तरांतही हेच परत परत येईल, कंटाळू नका.

अजून एक गोष्ट घरच्यांना सांगा. १९९६ साली मेंदूच्या स्कॅनवरून दिसून आलं की लहानपणीच नजर गेलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा भाग, जो डोळसांमध्ये बघण्याचं काम करतो, तो कामाला लागतो. त्यानंतर काही वर्षांनी एका जन्मांध बाईंची हकीकत डॉक्टरांनी नोंदवली, उत्तम ब्रेल वाचायच्या, त्यांना नेमका मेंदूच्या त्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी झटका आला आणि ब्रेल वाचता येईना. ठिपके लागत होते बोटाला, पण वाचता येत नव्हतं. तेव्हा ब्रेल म्हणजे बोटांची कसरत असं जे समजतात त्यांना हे ऐकवा.

आता तुम्ही काय करायचं. वाट बघू नका, थोडं दिसतंय तेव्हाच सुरू करा, मोठ्या अक्षरातली पुस्तकंही चालू राहू देत. एक अडचण येईल ती आधीच सांगते, कमी दिसणारी मुलं ब्रेल डोळ्यांनी वाचायला बघतात, पांढऱ्या कागदावर पांढरे ठिपके, नाक कागदाला टेकवून, आणि मग डोकं दुखतं म्हणून रडतात. रागावू नका, पानावर एक रुमाल टाका आणि रुमालाखाली हात घालून वाचायचा खेळ करा, माझ्या सगळ्या चिमुरड्यांना हा आवडायचा. तुम्ही मात्र खुशाल डोळ्यांनी शिका, मुलीच्या दोन धडे पुढे राहिलात तरी पुरे. आणि तिचं बोट धरून ठिपक्यांवरून ओढू नका, हे कळकळीने सांगतेय, तुमचा हात खाली ठेवा, तिचा वर, जायचं कुठे ते तिला ठरवू द्या. दुसऱ्याने ओढलेल्या बोटाला काही कळत नाही.

प्रश्न: वय ६८, निवृत्त. २० वर्षांचा मधुमेह, त्यातच नजर गेली. बोटांनाही मुंग्या आणि बधिरपणा आहे. ब्रेल शिकायची इच्छा आहे पण शिकवणाऱ्यांनी एका दिवसात हात टेकले. विषय सोडून देऊ का?

उत्तर: काका, सोडू नका पण किती अपेक्षा ठेवायची ते नीट समजून घ्या. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि शेजारच्या दोन ठिपक्यांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर. तरुण, निरोगी बोटाच्या टोकाला साधारण दोन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात, म्हणजे आधीच फार मोकळी जागा नाही, त्यात वयाने आणि मधुमेहाने ही ताकद कमी होते. म्हणून नेहमीच्या ब्रेलमधली जाड पुस्तकं सरसर वाचणं कदाचित जमणार नाही. पण जंबो ब्रेल म्हणून मोठ्या आकाराचं ब्रेल असतं, ते मागून घ्या, त्यात ठिपके एकमेकांपासून लांब असतात. आणि पुस्तक नाही तर नाही, औषधाच्या डब्यांवर एक-एक अक्षर चिकटवलं आणि सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती हे स्वतःचं स्वतःला कळलं तरी केवढी सोय होते, नाही का?

आता मुद्द्याची गोष्ट. साखर तपासायला तुम्ही कुठलं बोट टोचता? बहुतेक जण सवयीने एकच बोट टोचत राहतात, तेही बरोबर टोकाला, आणि मग त्याच बोटाने ब्रेल वाचायला बसतात. वाचायची दोन बोटं ठरवा, बहुधा दोन्ही हातांच्या तर्जन्या, आणि त्यांना सुई लावायची नाही. बाकीच्या बोटांना टोचायचं तेही कडेला. दहाही बोटांची परीक्षा घ्या आधी, कधीकधी मधलं बोट तर्जनीपेक्षा बरं निघतं.

दाबून वाचू नका. लागत नाही म्हणून माणूस दाबतो आणि दाबलं की उलट आणखी लागेनासं होतं. हलकं सरकवायचं, पाण्यावर बोट फिरवल्यासारखं. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा, पंधरा मिनिटं वाचा आणि थांबा. आणि बधिर बोटाने भांडं गरम आहे का ते बघत जाऊ नका हं, त्याला मनगटाची मागची बाजू वापरा, किंवा खरं तर कोणालातरी हाक मारा. बधिरपणा वाढतोय असं वाटलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला, मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही.

प्रश्न: आमच्या घरात कोणी अंध नाही. काल खिशातून फोन काढला तर तो बोलत होता!! एकदा टच केलं तर नुसतं वाचून दाखवतो, उघडत काहीच नाही, पासवर्डही टाकता येईना. दोन तास गेले, शेवटी मुलाने काय केलं कोण जाणे. हे नक्की काय होतं?

उत्तर: हसू आलं, माफ करा. तुमच्या फोनमधला टॉकबॅक, म्हणजे आम्हाला स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज, चालू झाला असणार. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकदम दाबून धरली की तो चालू किंवा बंद होतो, खिशात दाबली गेली असतील. म्हणजे दोन तास तुम्ही माझा फोन वापरत होतात.

त्यात गंमत अशी आहे की साध्या फोनमध्ये बोट लागलं की काम होतं. डोळ्यांनी आधी बघितलेलं असतं ना. मला आधी हाताने चाचपडून बघावं लागतं, आणि चाचपडताना प्रत्येक गोष्ट उघडत गेली तर कल्याणच. म्हणून इथे बोट फिरवायचं, फोन सांगत जातो खाली काय आहे, हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायची, तेव्हा ते उघडतं. आणि पान सरकवायला दोन बोटं. एवढंच तुम्हाला माहीत नव्हतं. २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर (त्यांचा टॉकबॅकच म्हणा) आलं त्याच्या आधी आम्हाला वाटायचं, गुळगुळीत काच आली, बटणं गेली, आता आपला कारभार आटोपला. आज मी त्याच काचेवर ब्रेलमध्ये टाइप करते, फोन आडवा, स्क्रीन माझ्यापासून पलीकडे तोंड करून, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर, प्रत्येक बोट म्हणजे एक ठिपका. 'म' ला १, ३, ४, तीन बोटं एकदम. शेजारचे बघत बसतात, ही बाई फोन उलटा धरून काय वाजवतेय.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा ग्रुप अंधांसाठी व्हायब्रेट होणारा ग्लोव्ह बनवतोय, समोर काही आलं की बोटं थरथरतील. दुसरं म्हणजे ब्रेल डिस्प्ले एवढे महाग का असतात? आम्ही स्वस्तात करू शकतो का?

उत्तर: आधी दुसरं घेते, ते सोपं आहे. माझ्या डिस्प्लेवर ४० सेल आहेत, कॉम्प्युटर ब्रेलच्या एका सेलमध्ये सहा नाही, आठ ठिपके, म्हणजे ३२० पिना. प्रत्येक पिनेखाली तिची स्वतःची एक पिझोइलेक्ट्रिक पट्टी असते, दोन थर चिकटवलेली, साधारण २०० व्होल्ट दिले (करंट अगदी नगण्य, बोटाला काही होत नाही) की एक थर लांबतो, दुसरा आखडतो, पट्टी वाकते आणि पीन वर उचलली जाते. असे ३२० नाजूक भाग, सगळ्यांची उंची सारखी, सगळ्यांनी बोटाचा भार सोसायचा, आणि घेणारी माणसं मूठभर. लाखोंनी खपत नाही म्हणून स्वस्त होत नाही, स्वस्त नाही म्हणून खपत नाही. ऑर्बिट रीडर २० नावाच्या डिस्प्लेने ही पट्टीच टाळली, वेगळी यंत्रणा घेतली, २० सेल, पान बदलताना खडखड आवाज येतो पण पिना घट्ट उभ्या राहतात, आणि किंमत बरीच खाली आली. तेव्हा करता येतं, पण गाभ्यात हात घालावा लागतो. डबा बदलून भागत नाही.

आणि एका ओळीचं दुखणं तर मी रोज भोगते. गणित, तक्ता, आलेख एका ओळीत कसा वाचणार? आता मोनार्कसारखी मशीनं आलीत, ३२ सेलच्या दहा ओळी, किंवा डॉट पॅड, २४०० पिनांवर चित्र उठतं. त्यावर पहिल्यांदा एक वक्र बोटाखाली चढत-चढत जाऊन उतरलेला मला लागला तेव्हा शाळेतल्या भूमितीच्या बाई आठवल्या, बिचाऱ्या कागदावर दोरा चिकटवून द्यायच्या. (तसं चित्रासाठी मशीनच पाहिजे असं नाही. फुगणारा कागद मिळतो, त्यावर काळ्या रेषा छापायच्या, खास हीटरमधून काढायचा, काळा भाग जास्त तापतो आणि तेवढाच फुगतो. त्रिकोण हाताला लागतो. तुमच्या कॉलेजने एवढं केलं तरी दुवा मिळतील.)

आता तुझा ग्लोव्ह. बाळा, रागावू नकोस, पण दर वर्षी मला दोन-तीन ग्लोव्ह दाखवायला आणतात. सगळ्यांचे व्हिडिओ झकास असतात आणि डोळे बांधलेला मित्र खुर्चीला न धडकता जातो. पण जरा विचार कर, माझ्या एका हातात काठी, दुसऱ्या हाताने मी भिंत, कठडा, दाराची मूठ चाचपते. तू नेमकं तेच बोट झाकलंस. वर ते सारखं थरथरणार. आपलं बोट अडीचशेच्या आसपास कंपनं दर सेकंदाला सगळ्यात चांगली पकडतं, तुझ्या मोटरला ते जमेलही, पण थरथर चालूच राहिली की थोड्या वेळात ती कळेनाशी होते, जसं अंगावरचे कपडे आपल्याला जाणवत नाहीत तसंच. आणि थरथर कसली आहे? समोर काहीतरी आहे. काय आहे? भिंत, माणूस, झाड? रस्त्यावर समोर काहीतरी असतंच रे.

तू दोन जुनी यंत्रं अभ्यास. पहिलं ऑप्टॅकॉन. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी सुरू केलेलं काम, १९७१ मध्ये बाजारात आलं. एका हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून न्यायचा, दुसऱ्या हाताच्या तर्जनीखाली १४४ बारीक पिना थरथरून अक्षराचा आकार उठवायच्या. ब्रेल नव्हे हं, छापलेलं अक्षर जसंच्या तसं. शिकायला वेळ लागायचा, वाचन सावकाश व्हायचं, पण ज्यांना जमलं त्यांना टपालातलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं नाही. १९९६ मध्ये ते बनवणं बंद झालं तेव्हा लोक खरंच हळहळले, मोडकी यंत्रं जपून दुरुस्त करत राहिले. कारण नुसतं 'बोलून दाखवणाऱ्या' स्कॅनरला पानावर काय कुठे आहे ते सांगता यायचं नाही, आणि ऑप्टॅकॉनवर हात फिरवून ते कळायचं.

दुसरं अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ पॉल बाख-इ-रिटा यांची खुर्ची, १९६९ ची. दाताच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची, तिच्या पाठीला २० गुणिले २०, म्हणजे ४०० थरथरणारी टोकं, समोर कॅमेरा, कॅमेऱ्याला जे दिसेल ते पाठीवर उठायचं. आणि यात जे कळलं ते मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले: कॅमेरा दुसऱ्या कोणी हलवला तर बसलेल्याला नुसती पाठीवर गुदगुली कळायची, पण कॅमेरा त्याच्या स्वतःच्या हातात दिला, त्याने तो इकडे-तिकडे फिरवला, की थोड्या सरावाने तो पाठीबद्दल बोलायचंच थांबवायचा आणि समोर टेबलावर काय ठेवलंय ते सांगायला लागायचा. पाठ तीच, टोकं तीच. (त्याच कल्पनेतून पुढे जिभेवर ठेवायचं ब्रेनपोर्ट नावाचं यंत्र आलं, २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.) तर तुझ्या ग्लोव्हने मला सूचना द्यायच्या असतील तर नको. मी हात फिरवला आणि मला काही सापडलं, असं काही केलंस तर मी सगळ्यात आधी घालून बघेन.

थरथर कुठे बरी? जिथे निरोप छोटा असतो तिथे. ॲपल वॉचवर मी वेळ मनगटावर मोजते, दोन छोटे ठोके, थांबा, चार लांब, तीन छोटे, म्हणजे २ वाजून ४३ मिनिटं. मीटिंगमध्ये कोणाला कळत नाही की मी कंटाळलेय.

आणि हो, डोळे बांधलेल्या मित्रावर टेस्ट करू नका. त्याला दहा मिनिटांपूर्वी दिसत होतं. अंध माणसांकडे जा, आणि ग्लोव्ह बनवायच्या आधी जा, नंतर प्रमाणपत्रावर फोटो काढायला नको.

प्रश्न: सासूबाईंना आता दिसत नाही. नवीन वॉशिंग मशीन आणलं तर त्याचं पॅनल एकदम सपाट, बटण म्हणून काही हाताला लागतच नाही. मी सगळ्या बटणांवर फुगीर स्टिकर लावले तर त्या म्हणाल्या आता तर मला काहीच कळत नाहीये. चुकलं काय?

उत्तर: दोन गोष्टी चुकल्या, दोन्ही सगळेच करतात. एक, सगळीकडे ठिपका म्हणजे कुठेच ठिपका नाही. तुमच्या कीबोर्डवर बघा, खुणा फक्त एफ आणि जे या दोनच बटणांवर असतात, जुन्या फोनवर फक्त ५ वर, बाकीचं हात तिथून मोजून घेतो. तेव्हा सगळे काढा आणि दोन-तीन ठेवा, चालू करायचं बटण आणि त्या रोज वापरतात तो प्रोग्राम. दोन्हींचा आकार वेगळा, एक गोल, एक लांबट. कुठला कुठे हे त्यांनाच ठरवू द्या, त्यांचा हात धरून तुम्ही नका ठरवू.

दुसरं, काचेच्या टच पॅनलवर ठिपका बटणावरच लावला तर तो शोधता-शोधता बोट लागून बटण दाबलंच जातं. ठिपका बटणाच्या खाली किंवा बाजूला लावा, म्हणजे आधी ठिपका सापडेल, मग तिथून बोट वर. मला हा धडा एका लिफ्टमध्ये मिळाला. एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव नको, चकचकीत काचेचं पॅनल, आणि ब्रेल कुठे, तर थेट त्या टच बटणांवर छापलेलं. ४ कुठे आहे ते वाचत गेले आणि वाचलेला प्रत्येक मजला लागला. आत बारा माणसं होती, सगळी माझ्यामुळे प्रत्येक मजल्यावर थांबली. एक आजोबा म्हणाले, असू दे, फिरणं झालं.

पुढच्या वेळी मशीन घेताना फिरणारी, टकटक आवाज करणारी गोल मूठ असलेलं बघा. दिसायला जुनाट वाटेल, हाताला लाख मोलाचं.

प्रश्न: स्मार्ट काठी घेतली तर साधी पांढरी काठी टाकून देता येईल का?

उत्तर: अजिबात नाही. साधी काठी हीच मुळात स्पर्शाचं यंत्र आहे, बॅटरी नसलेलं. टोक फरशीवर सरकतं तेव्हा डांबर, माती, ओली फरशी, जाळी हे सगळं मुठीत वेगवेगळं लागतं. उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासून होते, हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात नजर गेलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी बसवलं. खड्डा आणि उतरणारी पायरी हीच काठी सांगते. स्मार्टकेन, दिल्लीच्या आयआयटीत झालेली ती, किंवा तशी इतर उपकरणं अल्ट्रासाउंडने वरचा भाग बघतात, लोंबती फांदी, उघडी खिडकी, ट्रकची मागची कड, जिथे काठी खालून निघून जाते आणि कपाळ आपटतं. त्या थरथरीचा उपयोग आहे, पण ती काठीच्या जोडीला. आधी साध्या काठीवर हात बसवा.

जमिनीवरच्या त्या पिवळ्या फरश्यांबद्दलही दोघांनी विचारलंय. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. त्यावर गाडी लावू नका एवढं सांगायला मला दर वर्षी जागा द्या.

प्रश्न: माझ्या भावाला दिसतही नाही आणि आता ऐकूही येत नाहीसं झालंय. ब्रेल त्याला येतं. बोलायचं कसं?

उत्तर: ब्रेल येतं हे फार मोठं भांडवल आहे. ब्रेल डिस्प्ले फोनला ब्लूटूथने जोडा, तुम्ही तुमच्या फोनवर टाइप करा, त्याच्या बोटाखाली उमटेल, तो डिस्प्लेच्या बटणांवर उत्तर लिहील. डिस्प्ले हातात येईपर्यंत त्याच्या तळहातावर तुमच्या बोटाने एक-एक अक्षर मोठं लिहा, एकाच जागी एकावर एक, शब्द संपला की तळहात पुसल्यासारखा हात फिरवा. जवळ जाताना खांद्यावर हात ठेवा आणि थांबा, एकदम पकडू नका. तुमची एक खूण ठरवा, अंगठी, मनगटावरचं कडं, काहीही, म्हणजे कोण आलं हे त्याला पहिल्या सेकंदाला कळेल. आणि निघताना सांगून निघा. बोलता-बोलता समोरचा माणूस उठून गेला आणि आपण रिकाम्या खोलीशी बोलतोय, हे त्याला कोणीतरी येऊन सांगेपर्यंत कळणारच नाही.

प्रश्न: तुम्ही अंधारात पुस्तक वाचू शकता का? – इयत्ता चौथी

उत्तर: हो!! होस्टेलवर दिवे गेले की आम्ही पांघरुणात पुस्तक घेऊन वाचायचो, डोकं उशीवर आणि हात आत, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं गाढ झोपलेत. पण ब्रेलचा कागद जाड असतो, पान उलटलं की खर्र असा आवाज येतो. त्या खर्र वर आम्ही पकडले जायचो.